अ‍ॅन आर्बरच्या भुयारातली वाफ

नाशिक रोड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत मुलाकडे राहून नुकताच परतलो. तिथल्या प्रेक्षणीय स्थळांची वर्णने तू पुष्कळांकडून ऐकली असशील, म्हणून ती टाळतो आणि मिशिगन विद्यापीठाच्या वीजघराविषयीच लिहितो; साखर कारखान्याच्या बॉयलरवर उभी हयात घालवलेल्या तुला त्यातली गंमत लगेच कळेल.

अ‍ॅन आर्बर येथे १९१४ साली उभारलेले हे वीजघर आता नैसर्गिक वायूवर चालते. आमच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातल्या २१० मेगावॉटच्या संचांपुढे ते पोरसवदा वाटते. पण आपल्याकडे टर्बाइन फिरवून झालेली वाफ कंडेन्सरमध्ये जाऊन थंड होते व तिचे पुन्हा पाणी होते, कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो आणि उरलेल्यातला मोठा भाग कूलिंग टॉवरवरून पांढऱ्या ढगांच्या रूपाने उडून जातो (तो धूर नव्हे, हे पाहुण्यांना सांगता सांगता माझी नोकरी संपली!). तिथे मात्र टर्बाइनमधून निघालेली वाफ दाब राखून भुयारांतून वसतिगृहे, प्रयोगशाळा आणि इस्पितळापर्यंत नेतात. म्हणजे ते वीजघर आमच्या थर्मलचे नव्हे, तर टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या, म्हणजे एक्झॉस्टच्या वाफेवर उसाचा रस आटवणाऱ्या तुमच्या कारखान्याचे भावंड.

भुयारात शिरताच अंगाला घाम फुटला. दोन्ही अंगांनी लॅगिंग केलेले (उष्णतारोधक वेष्टन घातलेले) वाफेचे नळ, वरच्या बाजूला केबल, आणि ठरावीक अंतरावर नळाला मुद्दाम दिलेले चौकोनी वळण. शंभर मीटर पोलादी नळ दीडशे अंशांनी तापला की सुमारे अठरा सेंटीमीटर लांबतो. ती वाढ या वळणात जिरते, नाहीतर आधारच उखडले जातील. स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून फक्त पाणी सोडणारी झडप, थांबून थांबून टकटक करीत साचलेले पाणी बाहेर टाकत होता. तो बिघडला तर वाफेच्या रेट्याने ते पाणी नळात कसे आदळते, हे तुला सांगायला नकोच.

एकलहऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. वापरता येईल अशा दाबाची वाफ बाहेर काढली की वीज घटते, आणि नाशिकच्या मे महिन्यात ऊब विकत घेणार कोण? परंतु सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत ज्यांना वाफ लागते ते आपापले छोटे बॉयलर पेटवतात, हे मला आता खटकते. न्यूयॉर्कमध्ये १८८२ पासून रस्त्याखालून वाफ विकली जाते. निदान नव्या औद्योगिक वसाहतीत चार-सहा कारखान्यांना मिळून एक बॉयलरघर का असू नये?

तिथे कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेले पाणी, परत बॉयलरकडे आणतात आणि तुमच्यासारखी त्यात साखर उतरण्याची धास्ती नसते. तुमच्याकडे त्या पाण्यात साखर आहे का याची तपासणी अजून पूर्वीसारखी हातानेच होते का, ते अवश्य कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
एकलहऱ्याचा जुना मित्र