कंट्रोल-पी

पुणे,
१० डिसेंबर

प्रिय बाळ्या,

जत्रेत चारचौघांत म्हणालास, "हा काय, कंट्रोल-पी दाबतो आणि पगार घेतो." तेव्हा हसलो, पण परतीच्या एसटीत तेच डोक्यात घोळत राहिलं. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अंगठा टाकून मोकळा झाला असतास, म्हणून हे पत्र.

परवाचंच ऐक. संध्याकाळी सातला आमच्या डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानात एक काका आले. लग्नपत्रिका, २०० नग, सकाळी पाहिजेत. दोनशेसाठी ऑफसेटवाला चार रंगांच्या चार प्लेटा काढत बसत नाही, म्हणून असली घाईची पार्टी आमच्या नशिबी. पेनड्राइव्ह उघडला तर 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. फाइल जुन्या फॉन्टमधली, तो आमच्याकडे नाही, आणि डीटीपीवाल्यानं मजकूर कर्व्ह केलेला, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून ठेवलेला, नाही. वर त्याचा फोन बंद. मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून सगळं युनिकोडमध्ये परत टाइप केलं. प्रूफ काढलं, तर कऱ्हाडचा 'र' रफार होऊन 'हा'च्या डोक्यावर बसलेला. काका कऱ्हाडचेच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बरोबर तिथंच बोट ठेवलं.

खरी गंमत पुढे. पत्रिकेची पाठ गडद मरून, कार्ड जाड, ३०० जीएसएमचं. टोनर म्हणजे शाई नव्हे रे, प्लॅस्टिकची पूड. तापलेल्या फ्युजरखाली ती वितळून कागदावर बसते, आत मुरत नाही. पहिली पत्रिका दुमडली आणि घडीवर टोनर फुटून खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ उमटली. कार्ड दोन्ही दिशांनी हलकं वाकवून पाहिलं. घडी ग्रेनच्या, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेच्या, आडवी येत होती. लेआउट फिरवला, क्रीझिंग करून, म्हणजे घडीच्या जागी आधी खाच दाबून, मग दुमडलं, रेघ गेली. पण आता एका शीटवर दोनऐवजी एकच पत्रिका बसायला लागली! शीटं दुप्पट, क्लिक (मशीन मोजतं तो एकेक छाप) दुप्पट. मशीनचा काउंटर चांगलं-वाईट बघत नाही, शीट बाहेर आलं की पैसे लागले. मालक काउंटरकडे बघायचे, मग माझ्याकडे. बोलले काही नाहीत, चहा मात्र एकट्यासाठीच मागवला.

त्यात ही थंडी. हवा कोरडी, दोन-दोन शीटं एकमेकांना चिकटून आत जातात. दर गठ्ठा हातानं फुलवून ट्रेमध्ये ठेवायचा, तरी दोनदा जॅम झालाच. (पावसाळ्यात उलटं, कागद ओल धरून पापडासारखा वळतो.) शेवटची पत्रिका कटिंगहून आली तेव्हा दीड वाजला होता.

सोबत ती फुटलेली पत्रिका पाठवतोय. घडीवरून अंगठा फिरवून बघ. नावं, तारीख आणि कार्यालयाचा पत्ता कापून घेतलाय, नाहीतर तू आहेर घेऊन जेवायला पोचशील.

काकूंना नमस्कार.

तुझा,
दत्ता