खोली नको, दरमहा वाटा हवा

लेस्टर, इंग्लंड

तीर्थस्वरूप आबाकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

शाळा सुटल्यावर देवळाच्या सभामंडपात भरणाऱ्या मुलांच्या मंडळासाठी स्वतंत्र खोली बांधावी आणि तिचा खर्च परदेशी असलेल्या आम्हा भावंडांनी उचलावा, असे तुम्ही लिहिले आहे. पैसे देण्याची माझी तयारी आहे. परंतु ते खोलीसाठी देऊ नयेत, असे माझे मत आहे.

इथे आमच्या भागात चर्चच्या सभागृहात शाळकरी मुलांचा क्लब चालतो. 2010 नंतर इंग्लंडमधील नगरपालिकांनी या कामाच्या खर्चाला मोठी कात्री लावली आणि ठिकठिकाणचे क्लब बंद पडले. आमचा तगला, आणि तोही उसन्या जागेत. मुले दारात एक पौंड देतात व वहीत स्वतःच नोंद करतात. ज्याच्याकडे नसेल त्याला कोणी हटकत नाही. एक निवृत्त बसचालक कोपऱ्यात सायकलींची दुरुस्ती शिकवतात आणि महिनाअखेरीस जमाखर्च दारावर लागतो. मोठे अनुदान मुदतीचे असते. ते संपले की त्यावर नेमलेला माणूसही जातो, आणि मुले तर त्या माणसासाठीच येत असतात.

खोलीला देणगी सहज मिळेल, कारण खोलीवर पाटी लागते. वीजबिलाला, कॅरमच्या पावडरीला आणि मुलांना सांभाळणाऱ्या ताईंच्या मानधनाला पाटी लागत नाही, म्हणून मंडळे नेमकी तिथेच अडतात. गणपतीला मुंबईकर गावी येतील तेव्हा त्यांच्याकडे एकरकमी वर्गणी न मागता दरमहा पन्नास रुपयांचा शब्द घ्यावा. ज्यांना तेही जड जाईल त्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ द्यावी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीकाठचे तांडेल, म्हणजे मच्छीमार होड्यांचे प्रमुख, घरी जाळी दुरुस्त करत असतात. तेच काम त्यांनी मंडपात बसून केले, तर आठवी-नववीची मुले न बोलावता भोवती जमतील. मार्चपासून मोठी माणसे आंब्याच्या बागांत अडकतात, म्हणून त्या दिवसांच्या पाळ्या आधीच लावाव्या लागतील. पलीकडच्या वाडीतील मुलींना अंधार पडण्यापूर्वी घरी पोचवण्याचे कामही याच पाळीत धरावे. नाहीतर पहिली गळती त्यांचीच होईल.

नोंदणी मात्र लांबवू नका. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याला सात सभासद पुरतात. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील नोंदही करून घ्यावी. मी भारतीय नागरिक असल्यामुळे स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली माझी रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. दादाने ब्रिटिश नागरिकत्व घेतले असल्याने त्याची ठरते, आणि ती स्वीकारण्यासाठी केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. मुलांसोबत नियमित बसणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, मग तो आपल्या घरातला का असेना. कोणी एकटा मोठा माणूस मुलांजवळ नसावा, हा इथला नियमही मला पटतो.

ताईंचे अर्धे मानधन पहिले वर्ष मी देतो. पुढे दरवर्षी माझा वाटा कमी होईल आणि गावाचा वाढेल, हे ग्रामसभेत आधीच स्पष्ट सांगा. दरमहा देणाऱ्या घरांची यादी तयार झाली की मला पाठवा. त्यानंतर मी पहिला हप्ता भरीन.

काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या