'मानेला धरलं होतं का?' एवढं विचारा: महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: कौटुंबिक हिंसेच्या तक्रारीत गळा दाबल्याची वेगळी नोंद करण्याबाबत.

महोदया,

पोलीस ठाण्यात आलेली बाई 'माझा गळा दाबला' असं क्वचितच म्हणते. 'मानेला धरलं', 'नरड्यावर हात ठेवला', 'भिंतीला दाबून धरलं', 'ओढणी आवळली' असं काहीतरी बोलते आणि पुढे जाते. तिच्या लेखी त्या दिवशीचं मोठं दुःख वेगळंच असतं: लेकरांसमोर घराबाहेर काढलं, आईवरून शिव्या दिल्या. ठाणे अंमलदार 'लाथाबुक्क्यांनी मारहाण व शिवीगाळ' असं लिहून एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करतो, नवऱ्याला बोलावून समज दिली जाते आणि दोघं एकाच रिक्षानं घरी जातात. सगळ्यात धोक्याची गोष्ट कागदावर आलेलीच नसते.

मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते, आणि त्याला फार जोरही लागत नाही. हात सुटला की बाई उठून बसते, पाणी पिते, कधी स्वयंपाकालाही लागते, म्हणून सगळ्यांना वाटतं की निभावलं. पण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली असेल तर तिथे गुठळी धरते आणि पक्षाघात काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी येतो. तोवर त्या रात्रीशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. दुसरा धोका माणसाचा आहे. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की जोडीदारानं पूर्वी गळा दाबलेल्या स्त्रीचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट असते. आपल्याकडच्या घरांत हा धोका कमी असेल असं मानायला आम्हाला काहीही आधार दिसत नाही.

मग हे सुटतं कुठे? वळ शोधण्यात. अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहराच्या सरकारी वकील कार्यालयानं गळा दाबल्याची 300 पोलीस प्रकरणं तपासली, तेव्हा निम्म्यांत मानेवर काहीच दिसत नव्हतं. सावळ्या कातडीवर तर पहिल्या दिवशी निळसरपणाही नीट कळत नाही. खुणा असतात, पण दुसरीकडे. खालची पापणी ओढून पाहिली तर आत सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके. तसेच ओठाच्या आतल्या बाजूला आणि कानामागे. हनुवटीखाली तिच्याच नखांचे ओरखडे असतात, कारण ती त्याचे हात सोडवत होती. ते पाहून 'तिनंच स्वतःला बोचकारलं' असा उलटा अर्थ काढला जातो. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखतं, मधल्या काही क्षणांचं आठवत नाही. कपड्यात लघवी झालेली असते, आणि लाजेमुळे ती हे आपणहून कधीच सांगत नाही. सांगताना क्रम चुकतो, म्हणून जबाब घेणाऱ्याला ती खोटं बोलतेय असं वाटतं. खरं म्हणजे तो गोंधळ हेच मेंदूला प्राणवायू कमी पडल्याचं लक्षण असू शकतं.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 चा आहे आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याच्या नियमांतला कौटुंबिक घटना अहवालाचा नमुना संरक्षण अधिकारी, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेले अधिकारी, भरतात. त्यात गळा दाबण्याचा वेगळा रकाना नाही. नमुना केंद्राचा असला तरी सोबत एक पुरवणी पान भरून घ्यायला राज्याला कोणाची आडकाठी नाही. आमची मागणी या एका पानाची आहे. तेच पान गृह आणि सार्वजनिक आरोग्य विभागांशी बोलून ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, हिंसा सोसलेल्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये आणि रुग्णालयाच्या अपघात विभागातही असावं.

त्यावरचे प्रश्न बाईच्या बोलीत हवेत. 'तुमच्यावर हिंसाचार होतो का?' याला उत्तर 'नाही' असंच येतं. विचारायचं असं: मानेला कधी हात, ओढणी, दोरी, गुडघा लावला का? तोंडावर उशी दाबली का? तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली का? नंतर आवाज बसला का? असं किती वेळा झालं, शेवटचं कधी? आणि हे तिला एकटीला विचारायचं. सोबत आलेली सासू, नणंद, अगदी तिचा भाऊसुद्धा दाराबाहेर.

उत्तर 'हो' आलं की तिथून वाट बदलली पाहिजे. जीव धोक्यात घालणारी दुखापत भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे गंभीर दुखापत ठरते, म्हणजे ते प्रकरण दखलपात्र आहे, तिथे एनसीवर भागत नाही. दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणाची वैद्यकीय नोंद, करताना 'मानेवर बाह्य जखम नाही' एवढं लिहून थांबायचं नाही. आवाज, गिळणं, पापण्या, शुद्ध हरपली होती का, हे सगळं लिहायचं. गिळायला किंवा श्वासाला त्रास असेल, शुद्ध गेली असेल किंवा बाई गरोदर असेल, तर ग्रामीण रुग्णालयानं तिला मानेच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात पाठवायचं, तेही रुग्णवाहिकेनं. संरक्षण अधिकाऱ्यानं कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाच्या कलम 23 खाली एकतर्फी अंतरिम आदेशाचा (नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीच मिळू शकणाऱ्या तात्पुरत्या संरक्षणाचा) अर्ज त्याच वेळी तयार करायचा. तो आदेश मोडला तर त्याच अधिनियमाच्या कलम 31 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे नवऱ्याला तोंडी नव्हे, लेखी कळवायचं.

आणि अशा प्रकरणात नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समुपदेशन नको. कृपया हे वाक्य परिपत्रकात स्पष्ट घाला. बाई घर सोडायला निघते तो काळ सर्वांत घातक असतो. समेटाच्या बैठकीत ती जे बोलते त्याची किंमत ती घरी गेल्यावर मोजते. तिला परत जायचंच असेल तर अडवू नये. पण निघण्याआधी 112 (पोलीस) आणि 181 (महिला हेल्पलाइन) हे नंबर तिला पाठ असावेत, कागदपत्रांची एक प्रत शेजारी किंवा माहेरी असावी, आणि संरक्षण अधिकाऱ्याचा पुढचा फोन कधी येणार ते तिला माहीत असावं. त्या फोनवर पहिला प्रश्न तब्येतीचा: डोकं दुखतंय का, एखादा हात जड वाटतोय का, बोलताना जीभ अडखळते का? यांतल्या एकालाही 'हो' आलं तर त्याच क्षणी 108 ला रुग्णवाहिकेसाठी फोन.

आपल्या,
कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांत काम करणाऱ्या कार्यकर्त्या, वकील आणि परिचारिका