देवळालीचा मासा

मन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. अमेरिकेत ओरेगनला जाऊन तू क्लॅमथचे ते संपत चाललेले सकर मासे बघणार हे कुणाला खरं वाटेल! पण अरे, सेम केस आपल्याकडे पण आहे आणि तीही देवळालीच्या नावाची. देवळाली मिनो. होरा आणि मिश्रा यांनी 1938 ला पहिल्यांदा नोंदवला, दारणा नदीतला, बोटाएवढा, वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारा, आणि आता क्रिटिकली एन्डेंजर्ड, म्हणजे नामशेष व्हायच्या बेतात. देवळाली म्हटलं की आपल्याला तोफखाना आठवतो, मासा कुणाला आठवतोय.

गंमत बघ, 2020 ला नांदूरमध्यमेश्वरला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असा जाहीर झाला, महाराष्ट्रात पहिलाच, आणि रामसरच्या माहितीत या माशाचं नाव आहे. भारी. पण तिथे काय, गोदावरी-कादवाच्या संगमावरचा बंधारा, साठलेलं पाणी, गाळ, पाणवेली, म्हणजे बदकांची चंगळ, पण या माशाला तर वरच्या अंगाचं खडकाळ पात्र पाहिजे आणि त्या पट्ट्याचं नाव कुणी काढत नाही. तुमच्याकडे 2012 ला सकरसाठी क्रिटिकल हॅबिटॅट, म्हणजे कायद्याने जपायची राहण्याची जागा, ठरवलं तेव्हा अप्पर क्लॅमथ लेकबरोबर मासे अंडी घालायला चढतात त्या नद्याही धरल्या ना, मला तेवढंच म्हणायचंय, जिथे जगतो ती जागा धरा, नुसती पाटी लावायची जागा नको. अर्थात नकाशा काढून भागत नाही हेही तुमच्याकडेच दिसतं, उन्हाळ्यात तळं शेवाळाने हिरवं होतं, ऑक्सिजन पडतो, पिल्लं जगत नाहीत, उरलेत ते म्हातारे.

खरी गोची पाण्याची आहे. 2001 च्या दुष्काळात तिथे क्लॅमथला माशांसाठी शेतकऱ्यांचं पाणी बंद केलं आणि केवढा राडा झाला. इथे जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं तरी लोक रस्त्यावर उतरतात, त्यात मी दारणेच्या आवर्तनात माशाचं नाव घेतलं तर गावात घेतील का मला? म्हणून मला वाटतं पाणी मागायचंच नाही आधी. वाळू-दगड काढणं आणि सांडपाणी, एवढ्यावर बोलायचं, कारण घाण पाणी शेतकऱ्यालाही नकोच असतं. (त्यात सिंहस्थ येतोय, घाटांच्या काँक्रीटबद्दल बोललो तर वेगळंच पत्र होईल.)

तू एक काम कर. तिथले शेतकरी आणि क्लॅमथ ट्राइब्सचे, म्हणजे तिथल्या मूळ जमातींचे लोक एकत्र बसले तेव्हा बोलणं कुठून सुरू केलं, कुणी ओळखीचं असेल तर विचार आणि सविस्तर कळव, व्हॉइस मेसेज नको, लिहून पाठव, मला इथे चार जणांना वाचून दाखवायचंय.

तुझा,
बाळ्या