व्हीलचेअरवर बसून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाईंना

डॉ. मेरी वर्गीस यांना,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

डॉक्टरबाई, तुम्ही १९८६ साली प्रभूकडे गेलात. तरी हे आभार मानायचे आहेत, आणि चारचौघांत मानायचे आहेत. मणक्याला मार बसून कमरेखालचं अंग गेलेल्या माणसांच्या घरी आमच्या चर्चच्या मंडळीतले काही जण जातात. त्यात नर्स आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत, पाळक आहेत. जवळजवळ प्रत्येक घरात पहिला प्रश्न एकच येतो: प्रार्थनेनं हा परत चालेल ना? दुसरा प्रश्न मागाहून, बहुतेक वेळा स्वयंपाकघरात, हळू आवाजात येतो: आमचाच विश्वास कमी पडला का? त्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना आम्हाला तुमचा आधार असतो.

तुम्ही केरळमधल्या जुन्या सीरियन ख्रिस्ती परंपरेच्या घरातल्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलात आणि पुढे स्त्रीरोगशास्त्र घ्यायचं ठरवलंत. जानेवारी १९५४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर सहलीला जाताना गाडी उलटली. चेहऱ्याला खोल जखम झाली, कमरेखालचं अंग कायमचं गेलं. वय अजून तिशीच्या आतलं. सुरुवातीला तुम्ही व्यायामाला फारशा तयार नव्हता, असं वेल्लोरचे तुमचे सहकारी शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी लिहून ठेवलं आहे. देव चमत्कारानं बरं करील याची तुम्ही वाट पाहत होता, आणि व्हीलचेअरवर जगायला शिकणं म्हणजे त्या आशेवर पाणी सोडणं, असं तुम्हाला वाटत होतं. ही गोष्ट लपून राहिली नाही याबद्दल पहिले आभार. जिला आज सगळे विश्वासाचा नमुना म्हणतात, ती बाईसुद्धा याच जागी अडली होती, हे ऐकल्यावर अंथरुणावरच्या माणसाचा चेहरा सैल होतो.

वाट पाहण्यात शरीराचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र वाचणाऱ्या कुटुंबांना सांगायला हवं. हालचाल नसली की सांधे काही आठवड्यांतच आखडू लागतात. पाऊल खाली लोंबतं, टाचेमागची शीर आखूड होते आणि मग ते पाऊल व्हीलचेअरच्या पायपट्टीवर सपाट टेकतच नाही. म्हणून घोटा, गुडघा, खुबा, प्रत्येक सांधा दिवसातून दोनदा, दरवेळी दहाएक वेळा, सावकाश आणि झटका न देता हलवायचा. हे काम पहिल्या आठवड्यापासून, डॉक्टरांनी परवानगी दिली की लगेच सुरू करायचं. बरं होण्याची प्रार्थना चालू ठेवून हे करता येतं. दोन्हींत भांडण नाही. आजारी राजा हिज्कीयाला देवानं १५ वर्षांचं आयुष्य वाढवून दिलं, तरी संदेष्टा यशयानं त्याच्या फोडावर अंजिरांचं पोटीस बांधायला सांगितलंच (यशया ३८:२१). देवाचा शब्द मिळाल्यावरही जखमेचं ड्रेसिंग चुकलं नाही.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पायांच्या झटक्यांची. मार बसल्यावर सुरुवातीचे काही आठवडे पाय अगदी लुळे असतात. मग पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला बसलेला पहिला धक्का ओसरतो आणि पाय आपोआप उडू लागतात, गुडघे दुमडतात, पोटरी थरथरते. घरातले धावत येतात, "हालेलूया" म्हणतात, शेजारची मंडळी जमते. पण ही हालचाल मेंदूच्या हुकमानं झालेली नसते, मज्जारज्जूच्या खालच्या भागातून आपोआप होत असते. नेमकं कळायला सोपी रीत आहे. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं आणि "आता अंगठा हलव, आता थांब" असं तीन-चार वेळा म्हणायचं. सांगितल्यावर हलला आणि सांगितल्यावर थांबला तर ताबडतोब डॉक्टरांना कळवायचं, कारण काहींना थोडी ताकद खरोखर परत येते. नाहीतर तो झटका समजायचा आणि तसं स्पष्ट, प्रेमानं सांगायचं. त्या दिवशी खोटा आनंद होऊ दिला, तर महिन्याभरानं रुग्ण देवावर नाही, स्वतःवर चिडतो: माझ्याच अविश्वासानं आलेलं बरेपण गेलं, असं तो धरून बसतो. या झटक्यांसाठी बॅक्लोफेनच्या गोळ्या देतात. कुणाच्या सांगण्यावरून "विश्वासानं" त्या एकदम बंद केल्या तर झटके भयंकर वाढतात आणि फिटही येऊ शकते. कमी करायच्याच असतील तर डॉक्टरच हळूहळू करतात.

आणखी एक धोका बरं होण्यासाठीच्या प्रार्थनासभांमध्ये दिसतो. दोघे जण दोन काखांत हात घालून रुग्णाला उभं करतात, "उठ आणि चाल" म्हणतात. वर्षभर भार न पडलेली पायांची हाडं ठिसूळ झालेली असतात, मांडीचं हाड मोडतं आणि दुखत नसल्यामुळे कुणालाच कळत नाही. दोन दिवसांनी मांडी सुजते, ताप येतो, तेव्हा शोध लागतो. कधी रक्तदाब उतरून माणूस तिथंच बेशुद्ध होतो. प्रभूनं अडतीस वर्षं दुखण्यात असलेल्या माणसाला आधी विचारलं होतं: बरं व्हायची तुझी इच्छा आहे काय? (योहान ५:६) हात लावण्याआधी विचारावं, एवढं तरी आपण तिथून घ्यावं.

डॉक्टरबाई, तुमची प्रार्थना पुढे बदलली. चमत्काराचा हट्ट सोडून, या अशक्तपणातून वर उठायचं सामर्थ्य मागायला तुम्ही लागलात, असं ब्रँड सांगतात. याला हार म्हणणारे लोक आहेत. आम्हाला ते प्रेषित पौलाच्या वाटेनं जाणं वाटतं. त्यानं शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे" (२ करिंथ १२:९). ज्याच्या हातून इतके बरे झाले त्या पौलानंच आपला सोबती त्रफिम याला आजारी असताना मिलेत गावात ठेवलं (२ तीमथ्य ४:२०) आणि आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यावर चमत्कार न करता घरगुती उपाय सांगितला. "विश्वास असता तर बरा झाला असता" हे वाक्य त्रफिमाच्या खाटेशी उभं राहून म्हणता येईल का, एवढंच आम्ही विचारतो.

याकोबाच्या पत्रात तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे (५:१४), ते आम्ही करतो. पण बोलावणं रुग्णाकडून यायला हवं. वचनात तसंच आहे. तेल कपाळावर, बोटानं, थेंबभर लावायचं, कारण तिथं त्याला स्पर्श कळतो. पायांना तेल चोळत बसणारी माणसं भली असतात, पण तो स्पर्श त्या माणसापर्यंत पोहोचतच नाही. प्रार्थना करणाऱ्यानं खुर्ची घेऊन त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसावं. उभं राहून वरून प्रार्थना केली की त्याला मान वर करून ऐकावं लागतं. आधी विचारावं: आज देवाकडे काय मागू? कधी उत्तर येतं की लघवीचं इन्फेक्शन जाऊ दे. कधी येतं की काहीच मागू नका. तसं असेल तर स्तोत्र ८८ वाचावं. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठलीही उजळ ओळ नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. वाचून झाल्यावर त्याला समजुतीची पुस्ती जोडू नये. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर बरोबर होते.

उपवास-प्रार्थनेबद्दलही लिहायला हवं. पाणी सोडून केलेला उपवास अशा रुग्णासाठी धोक्याचा आहे. लघवी साचून राहते, इन्फेक्शन होतं, मूत्रखडे होतात. दिवसाला साधारण दोन लिटर पाणी, दर चार ते सहा तासांनी साबणानं हात धुऊन नळीनं लघवी काढणं, आणि एका वेळी ४००–५०० मिलीपेक्षा जास्त साचू न देणं, हे प्रार्थनेच्या दिवशीही तसंच चालू राहिलं पाहिजे. मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात मणक्याला इजा असलेल्याला प्रार्थनेत अचानक डोकं फुटेल असं दुखू लागलं, तोंड लाल झालं, घाम फुटला, तर त्याला आत्म्याचा संचार समजू नका. रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढलेला असतो. लगेच ताठ बसवा, पट्टा आणि कपडे सैल करा, लघवीची नळी कुठं मुरडली किंवा तुंबली आहे का पाहा आणि दवाखाना गाठा.

तुमच्या हातांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. हाताची शस्त्रक्रिया बसूनच करतात, म्हणजे तीही व्हीलचेअरवरून करता येईल, हे ब्रँडना सुचलं आणि तुम्ही कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करू लागलात. कोपराजवळची आणि मनगटाजवळची नस मेली की बोटांचे बारीक स्नायू जातात, बोटं पंजासारखी वळतात आणि घास धरता येत नाही. मग चालू असलेल्या एका स्नायूची शीर घेऊन तिच्या चार दोऱ्या चार बोटांना जोडायच्या, काही आठवडे प्लास्टर ठेवायचं, आणि नंतर रुग्णानं ते बोट नव्या स्नायूनं हलवायला शिकायचं. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातल्या कोठाऱ्याच्या मिशन दवाखान्यात कुष्ठरुग्णांची सेवा चालते, तिथल्या लोकांना हे नवं नाही. पण तुमच्या शस्त्रक्रियेच्या खोलीत वेगळंच काही घडत होतं. टेबलावरच्या हाताला कुष्ठरोगामुळे वेदना कळत नव्हती, आणि तुमच्या पायांनाही नाही. दोघांचा शत्रू एकच होता: वेदना नसल्यामुळे नकळत होणारी जखम. देव दुखणं का देतो, असं आम्हाला रोज विचारतात. वेदना हरवलेल्या माणसांत राहून तुम्ही आणि ब्रँड यांनी वेदनेकडे देणगी म्हणून पाहायला शिकवलं. ज्याचं दुखणं थांबत नाही त्याला आम्ही हे ऐकवत नाही. पण ज्याला पाय कळत नाहीत त्याला हे चटकन पटतं.

म्हणून तुमच्या विद्येतली सर्वांत साधी गोष्ट आम्ही सर्वांत जास्त शिकवतो. खाटेवर दर दोन तासांनी कूस बदलायची. व्हीलचेअरवर दर पंधरा ते तीस मिनिटांनी दोन्ही हातांवर भार देऊन उठायचं किंवा पुढे वाकायचं, मिनिट-दोन मिनिटं, कारण तेवढा वेळ दिल्याशिवाय दाबलेल्या जागी रक्त परत येत नाही. सकाळ-संध्याकाळ आरसा घेऊन बैठकीची हाडं, माकडहाड, खुबे, टाचा बघायच्या. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीनं ऊब लागते का आणि जागा कडक झाली आहे का ते पाहायचं. तशी जागा सापडली तर ती चोळायची नाही, ती पूर्ववत होईपर्यंत तिच्यावर भार द्यायचा नाही. मधोमध भोक असलेली रबरी रिंग वापरू नये, कडेला दाब पडून मधला रक्तपुरवठा आणखी तुटतो. गरम पाण्याची पिशवी पायांना कधीच नाही.

ऑस्ट्रेलियात पर्थला आणि मग न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या पुनर्वसन संस्थेत शिकून तुम्ही वेल्लोरला परतलात आणि पुनर्वसनाचं काम उभं केलंत. १९६६ साली रुग्णांसाठी वेगळी संस्थाही झाली. १९७२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या संस्थेतून घरी गेलेली माणसं पुन्हा मेळ्यासाठी जमतात, व्हीलचेअरवर खेळतात. "पाय मागितले आणि पंख मिळाले" हे तुमचं वाक्य फार वापरलं जातं. पहिल्या वर्षात आम्ही ते कुणालाही ऐकवत नाही. तुम्हीही ते पहिल्या वर्षात म्हटलं नव्हतं.

एक विनंती तुमच्या नावानं मंडळ्यांना करतो. जुन्या मिशन चर्चना दगडी पायऱ्या आहेत. एक इंच चढाला बारा इंच लांबी, या हिशेबानं सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांना अठरा फुटी उतार लागतो, दोन्ही बाजूंना कठडा हवा, आणि दार निदान बत्तीस इंच मोकळं असावं. बाकाची एक टोकाकडची जागा काढून टाकावी, म्हणजे व्हीलचेअर वाटेत न राहता ओळीत बसते. चार माणसांनी उचलून आत नेणं प्रेमाचं आहे, पण ज्याला दर रविवारी उचलावं लागतं तो दोन-तीन महिन्यांत येणं बंद करतो. आणि प्रभुभोजन वाटताना त्याच्यापाशी शेवटी जाऊ नये. रांगेत त्याचा नंबर जिथं येईल तिथंच भाकर आणि प्याला द्यावा.

तुमचे ऋणी,
घरोघरी जाणारे मंडळीतले काही जण