'देवदास' पाहा, पण नेमका कोणता?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

'पाहायलाच हवेत असे पन्नास चित्रपट' अशा याद्या पुरवण्यांमधून अधूनमधून येतात आणि वाचक त्या कापून ठेवतात. पण यादीत नुसते 'देवदास' एवढेच छापले असेल, तर वाचकाने शोधायचे काय? एक मूकपट १९२८चा आहे, एक १९३५चा प्रमथेश बारुआंचा, एक १९५५चा बिमल रॉय यांचा आणि एक २००२चा संजय लीला भन्साळींचा. त्यातही बारुआंनी तो बंगालीत आणि हिंदीत असा दोनदा केला. बंगालीत देवदास ते स्वतः झाले, हिंदीत कुंदनलाल सैगल. आपल्याकडच्या 'सावकारी पाश'ची गत वेगळी नाही. बाबूराव पेंटरांनी तो १९२५मध्ये मूक केला आणि १९३६मध्ये पुन्हा बोलका. तेव्हा नाव टिपून घेतल्याने चित्रपट सापडत नाही. त्यासाठी संदर्भकोश लागतो आणि तो वापरण्याची थोडी सवय लागते.

भारतीय चित्रपटांसाठी आजही पहिला आधार आहे तो आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमन यांच्या 'एन्सायक्लोपीडिया ऑफ इंडियन सिनेमा'चा. तो १९९४मध्ये निघाला, सुधारित आवृत्ती १९९९ची. दोन्ही मिळत असतील तर १९९९ची घ्यावी. ग्रंथालयात तो संदर्भ विभागात असतो आणि सहसा घरी देत नाहीत, म्हणून वही-पेन्सिल घेऊनच जावे. कोश उघडला की नवखा वाचक पहिल्याच पायरीवर अडखळतो, कारण व्यक्ती, चित्रसंस्था आणि प्रकार यांच्या नोंदी अक्षरानुक्रमे आहेत, तर चित्रपटांच्या नोंदी वर्षानुक्रमे. 'कुंकू' हा के अक्षराखाली शोधत बसले तर मिळणार नाही, तो १९३७मध्ये आहे. वर्ष माहीत नसेल तर आधी शेवटची सूची पाहायची. तिथे दुसरी अडचण रोमन स्पेलिंगची. 'माणूस'मधला ऊ एका यूने लिहिला आहे की दोन ओंनी, हे आधी सांगता येत नाही, म्हणून दोन्ही पाहावीत. तरीही नाव मिळाले नाही तर माणसाकडून जावे. 'माणूस'चे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या नोंदीखाली त्यांच्या चित्रपटांची वर्षांसह यादी आहे, तिथून वर्ष हाती लागते.

प्रभात फिल्म कंपनीच्या अनेक चित्रपटांना दोन नावे आहेत, हेही ध्यानात ठेवावे. 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने', 'माणूस' हिंदीत 'आदमी', 'शेजारी' हिंदीत 'पडोसी'. पुढे 'उंबरठा'ही हिंदीत 'सुबह' झाला. हे डबिंग केलेले चित्रपट नव्हेत. प्रभातच्या काळात एकाच सेटवर दोन भाषांसाठी स्वतंत्र चित्रण होत असे आणि कधी नटही बदलत. 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) राजगुरू मराठीत केशवराव दाते आहेत, हिंदीत चंद्रमोहन. चंद्रमोहन यांच्या डोळ्याचे ते गाजलेले निकटदृश्य ऐकून कोणी मराठी आवृत्ती लावली, तर त्याला तिथे चंद्रमोहन दिसणारच नाहीत.

आता नोंद वाचायची कशी? एक नियम पाळावा. वरच्या तीन-चार ओळी आधी वाचाव्यात, खालचा परिच्छेद चित्रपट पाहून झाल्यावर. खालच्या परिच्छेदात कथानक आणि त्याचे विवेचन असते, शेवट आधीच कळला तर पाहण्यातला अर्धा आनंद जातो. वरच्या ओळींत वर्ष, लांबी, भाषा, दिग्दर्शक, निर्माता, कथा, संवाद, गीते, छायाचित्रण, संगीत आणि नटमंडळी असतात. कोशाचा खरा उपयोग याच ओळींत आहे, कारण प्रत्येक नाव पुढच्या चित्रपटाकडे नेते.

'कुंकू'चेच पाहा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून, संगीत केशवराव भोळे, भूमिका शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्या. एवढे वाचून चित्रपट लावला की कान आपोआप टवकारतात, कारण प्रसंगांखाली वाजणारे पार्श्वसंगीत यात नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाजच ते काम करतात. फुटलेल्या आरशाच्या तुकड्यांत म्हातारे काकासाहेब स्वतःचा चेहरा पाहतात तो प्रसंग आवाज थोडा वाढवून पाहावा. मग कोशाकडे परत यावे. ना. ह. आपटे यांच्या नावावरून गेले की 'अमृतमंथन' मिळतो. दात्यांच्या नावावरून गेले की 'शेजारी' (१९४१). 'शेजारी'त दात्यांसमोर गजानन जागीरदार आहेत, मिर्झाच्या भूमिकेत, आणि कथा विश्राम बेडेकरांची. जागीरदार आणि बेडेकर ही दोन्ही नावे पुन्हा एकत्र भेटतात 'रामशास्त्री'त (१९४४). एका चित्रपटापासून निघून चार चित्रपट हाती आले, आणि चौघांत नाते असल्यामुळे प्रत्येक आधीच्याच्या उजेडात पाहता येतो. आठवड्याला एक या बेताने महिनाभराचा कार्यक्रम झाला. क्रमवारीची यादी वरून खाली पाहत गेलेला माणूस सहसा सातव्या-आठव्या चित्रपटावर थांबतो, कारण त्या चित्रपटांना एकमेकांशी काही बोलायचे नसते.

लांबीचा आकडा बहुतेक जण वगळतात आणि नेमका तोच सर्वांत उपयोगी. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) असतात. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, म्हणजे मिनिटाला ९० फूट. लांबी फुटांत दिली असेल तर तिला ९०ने भागावे. हजार फुटांचे एक रीळ साधारण ११ मिनिटांचे. मूकपटांना मात्र हा हिशेब लावू नये, ते हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर बहुधा कमी वेगाने चित्रित झालेले असत. सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर मिनिटाला ६० फूट होतात. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता. आजच्या वेगाने तो ४१ मिनिटांत संपेल, १६ चौकटींच्या वेगाने जवळजवळ ६२ मिनिटे चालेल. मूकपटांतली माणसे तुरुतुरु पळताना दिसतात ती याच चुकीमुळे. फाळके किंवा पेंटर यांच्या नटांना तसे चालायची हौस नव्हती.

बोलपटात हाच आकडा कात्री पकडून देतो. 'संत तुकाराम' १३१ मिनिटांचा आहे. हाती आलेली प्रत १२६ मिनिटांची असेल तर घाबरू नये, टीव्ही-व्हिडिओच्या जुन्या पाल (PAL) पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी चालत, त्यामुळे चित्रपट चार टक्क्यांनी आधी संपतो आणि गाण्याची पट्टीही किंचित चढते. पण प्रत ११० मिनिटांची निघाली तर काहीतरी कापले आहे हे नक्की, आणि जुन्या मराठी चित्रपटांत पहिली कात्री गाण्यांवर चालते. अशी प्रत बाजूला ठेवून दुसरी शोधावी.

चौकटीचे प्रमाणही तपासावे. त्या काळची चौकट उंची १ धरली तर रुंदीला १.३७ होती, आजच्या टीव्हीचा पडदा १.७८ आहे. पडदा भरण्यासाठी चित्र ताणले की तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा पसरट होतो. न ताणता वरून-खालून कापले तर जवळपास २३ टक्के चित्र जाते, म्हणजे डोक्यावरचे पागोटे तरी जाते नाहीतर हातातले टाळ. रिमोटवर चित्राच्या आकाराचा पर्याय असतो, तो ४:३ वर आणावा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील, त्या दिसल्याच पाहिजेत. मात्र प्रत मुळातच ताणून साठवलेली असेल तर सगळ्याच प्रती ४:३ने सुधारतील असे नाही, आणि कापलेले चित्र तर कोणत्याच बटणाने परत येत नाही.

वर्षाबद्दल थोडेसे. 'सामना' काही ठिकाणी १९७४चा म्हणून सापडतो, काही ठिकाणी १९७५चा. सेन्सॉरचे प्रमाणपत्र एका वर्षी आणि प्रदर्शन पुढच्या वर्षी असे झाले की पुरस्कारांच्या याद्या एक वर्ष धरतात, कोश दुसरे. वर्षानुक्रमे रचलेल्या ग्रंथात चित्रपट मिळाला नाही तर आधीचे आणि नंतरचे वर्ष चाळल्याशिवाय 'नाही' म्हणू नये.

परदेशी चित्रपटांसाठी, चित्रपटांना दर्जानुसार तारे देणारी मार्गदर्शक पुस्तके वापरणाऱ्यांनी तारे देणारा कोण, हे आधी पाहावे. ब्रिटिश लेखक लेस्ली हॅलिवेल यांच्या जुन्या मार्गदर्शकात बहुतेक चित्रपटांना एकही तारा नाही, आणि त्यांचे मन १९३० व १९४०च्या दशकांत रमलेले होते. त्या काळातले छोटे, विसरलेले विनोदी चित्रपट शोधायला त्यांच्यासारखा वाटाड्या नाही. १९६०नंतरच्या चित्रपटांबाबत त्यांच्या तारा न देण्याला फार महत्त्व देऊ नये. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या दर दहा वर्षांच्या सर्वोत्तम चित्रपटांच्या कौलातही १९५२मध्ये 'बायसिकल थीव्हज' पहिला होता, मग १९६२ ते २००२ पाचही वेळा 'सिटिझन केन', २०१२मध्ये 'व्हर्टिगो' आणि २०२२मध्ये शांताल अकरमान यांचा १९७५चा 'जान दिएलमान'. चित्रपट तेच, पाहणारे आणि मिळणाऱ्या प्रती बदलल्या. म्हणून क्रमांकापेक्षा दोन-तीन दशकांच्या कौलांत टिकून राहिलेली नावे आधी घ्यावीत. 'पथेर पांचाली' त्यांतले एक.

आणखी एक गोष्ट याद्या कधीच सांगत नाहीत, ती म्हणजे चित्रपट उरला आहे की नाही. 'आलम आरा' (१९३१) आज कोणालाही पाहता येणार नाही, त्याची प्रत उरलेली नाही. आपल्या मूकपटांपैकी मोजकेच शिल्लक आहेत, तेही काही तुकड्यांतच. नायट्रेट फिल्म पेट घेते, दमट हवेत सडते, आणि चांदी काढण्यासाठीही पुष्कळ रिळे गेली. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४मध्ये उभे राहिले, तोवर बरेच हातचे गेले होते. कोशात नोंद आहे म्हणजे प्रत आहे, असा अर्थ काढू नये. उलट १९९९नंतरचे चित्रपट कोशात नाहीत म्हणून ते कमी मोलाचे, असेही नाही.

आपल्याकडे एक आग्रहाची विनंती आहे. जुन्या चित्रपटांची यादी छापताना प्रत्येक नावापुढे वर्ष, भाषा, दिग्दर्शक आणि लांबी द्यावी, दुसऱ्या भाषेतले नाव असेल तर तेही द्यावे. जागेसाठी पन्नासांऐवजी वीस चित्रपट घ्यावेत. 'संत तुकाराम, १९३६, मराठी, दामले-फत्तेलाल, प्रभात, १३१ मिनिटे.' स्तंभातली जेमतेम दोन ओळींची जागा लागते, आणि एवढ्यावर वाचक योग्य प्रतीपर्यंत पोहोचतो.

आपला,
एक चित्रपटप्रेमी वाचक, पुणे