हयातभर राहायचे, पण छपराचा खर्च कोणाचा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘माझ्या पश्चात या घरात पत्नीने तहहयात राहावे व तिच्यानंतर घर मुलाकडे जावे’ हे वाक्य मृत्युपत्रांत इतके रुळले आहे की, त्यात खर्चाचा उल्लेखच नाही हे कोणाच्या ध्यानात येत नाही. कर कोणी भरायचा, गळके छप्पर कोणी दुरुस्त करायचे, घरावरचे कर्ज कोणी फेडायचे, हे प्रश्न पुढे आई आणि मुलगा यांच्यात उभे राहतात, आणि तोवर ज्याला विचारावे तो हयात नसतो.

इंग्लंडमधून पसरलेल्या न्यायपरंपरेचे याबाबतचे सूत्र सरळ आहे. जो घर वापरतो किंवा त्याचे भाडे घेतो, त्याने दरवर्षीचे कर, नेहमीची डागडुजी आणि कर्जावरचे व्याज सोसावे. मुद्दल पुढच्या मालकाचे. मात्र घराचे उत्पन्न, किंवा स्वतः राहत असल्यास त्या घराला येऊ शकणारे रास्त भाडे, याहून अधिक पदरमोड करण्याचे बंधन तहहयात हक्कदारावर सहसा नसते. कागदावर हे न्याय्य दिसते. पण बँक मुद्दल आणि व्याज यांचा एकच हप्ता घेते आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यात व्याजाचाच वाटा मोठा असतो. म्हणजे कर्ज नवे असेल, तर भार म्हाताऱ्या माणसावरच अधिक येतो.

दुरुस्तीचा तिढा १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेने अधिक नेमकेपणाने सोडवला आहे, असे मला वाटते. मुख्य भिंती, तुळया आणि अख्खे छप्पर नव्याने घालणे ही मोठी दुरुस्ती, ती मालकाची. बाकी सारी देखभाल, ती वापरणाऱ्याची. फुटलेले एक कौल बदलणे हे आईचे काम. पण ते वर्षानुवर्षे तसेच राहिले, पाणी मुरून खालची तुळई कुजली, तर ती मोठी दुरुस्तीही तिच्याच अंगावर येते, कारण ती हयगयीतून ओढवलेली असते. उलट, तिने हौसेने खोली वाढवली, तर तो खर्च मुलाकडून मागण्याचा हक्क तिला सहसा मिळत नाही. (हे कळल्यावर अनेकांचा चेहरा पडतो.)

विम्याबाबत मृत्युपत्र गप्प असेल, तर तो कोणी उतरवायचा यावरून वाद होतात आणि घर जळाल्यावर भरपाई कोणाची, यावरूनही.

म्हणून मृत्युपत्रे लिहून देणाऱ्यांना विनंती आहे की, ‘तहहयात राहावे’ या शब्दांखाली कर, डागडुजी, मोठी दुरुस्ती, हप्ता आणि विमा यांची वाटणी नावानिशी लिहावी आणि शक्य असेल तेथे छपरासाठी वेगळी रक्कमही नेमून द्यावी.

आपला,
एक वाचक